फळीखालची फिन

विदर्भातल्या कुठल्याही धरणावर सकाळी मासे धरायला निघालेल्या भोयाकडे किंवा ढिवराकडे नीट पाहावे. डोंग्याच्या मागच्या टोकाला तो एकटा बसलेला असतो. वल्हे एकच, आणि तेही बराच वेळ एकाच बाजूने चाललेले. हिशेबाने डोंग्याने दुसऱ्या बाजूला वळत जागच्या जागी गोल फिरायला हवे, पण तो सरळ जातो. कारण प्रत्येक फटक्याच्या शेवटी वल्ह्याचे पाते क्षणभर मागे, पाण्यात उभे धरलेले असते. तेवढ्या एका क्षणात वळू लागलेले नाक पुन्हा वाटेवर येते.

त्याच पाण्यात थर्मोकोलचा जाड तुकडा किंवा जुन्या दाराची फळी घेऊन उतरलेली मुलेही दिसतात. फळीवर पोटावर झोपून ती दोन्ही हातांनी पाणी मारतात. फळी तरंगते झकास, पण पुढे कमी जाते आणि गरगरते जास्त. डोंगा सरळ जातो आणि फळी फिरते, यामागे पाण्यात उभ्या धरलेल्या एका पात्याचा फरक आहे. सर्फबोर्डच्या पोटाला मागच्या बाजूस बसवलेली फिन म्हणजे कायमचे उभे धरलेले असेच एक पाते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसपासून समुद्र पाचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. धावंडा नदीत किंवा अरुणावती धरणाच्या जलाशयात स्वार व्हावे अशा लाटा उठत नाहीत. तरीही लाकडी फिन समजून घ्यायला दिग्रस ही चांगली जागा आहे, असे मला मनापासून वाटते. फिन दोन गोष्टींवर उभी असते: पाणी कसे वळते आणि लाकूड कुठल्या दिशेने भार पेलते. पहिली गोष्ट शेताच्या पाटातही पाहता येते. दुसरी इथल्या सुताराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. शिवाय उभे राहून वल्हवण्याच्या बोर्डाला, म्हणजे पॅडलबोर्डला, लाटा लागतच नाहीत. त्याला संथ जलाशय पुरतो आणि फिन मात्र हवीच असते.

फिन नसलेला बोर्ड काय करतो?

सर्फबोर्डचा तळ जवळजवळ सपाट आणि गुळगुळीत असतो. वेग आला की पाणी त्या तळाला खालून वर ढकलते आणि बोर्ड पाण्यात रुतण्याऐवजी पाण्यावरून घसरू लागतो. हे घसरणे वेगासाठी उत्तम, पण सपाट तळाला पुढे घसरणे आणि आडवे घसरणे यांत फरक कळत नाही. लाटेच्या उतारावर स्वार एका कडेवर कलला की बोर्डचे शेपूट उताराने खाली सरकते, नाक भलतीकडे वळते आणि बोर्ड गोल फिरतो.

फिन हे दोन प्रकारे थांबवते. एक, ती आडव्या घसरण्याला विरोध करते. दोन, ती मागे असल्यामुळे नाक सरळ ठेवते. समजा, बोर्डचे नाक चुकून उजवीकडे वळले. बोर्ड अजून आधीच्याच दिशेने चाललेला असतो, त्यामुळे पाणी आता फिनवर तिरपे येऊन आदळते. फिनवर आडवा जोर पडतो. हा जोर बोर्डच्या भारमध्याच्या मागे लागत असल्याने तो शेपटाला उजवीकडे ढकलतो आणि नाक आपोआप डावीकडे, म्हणजे मूळ वाटेवर येते. स्वाराला काही करावे लागत नाही. हीच फिन नाकाजवळ बसवली, तर उलटे होईल: जरासे वळलेले नाक आणखी वळत जाईल. म्हणून फिनची जागा नेहमी मागे.

पाटातली फूटपट्टी

आडवा जोर येतो कुठून, हे पाहायला एक प्लॅस्टिकची फूटपट्टी आणि वाहता पाट पुरे. पट्टी पाण्यात उभी बुडवून तिची कड प्रवाहाच्या समोर धरावी. हाताला फारसे काही जाणवत नाही. आता मनगट किंचित वळवून पट्टी प्रवाहाशी पाच-सात अंशांनी तिरपी करावी. लगेच पट्टी बाजूला ओढ घेते. गंमत म्हणजे पाणी समोरून येत असते, पण जोर मुख्यतः मागे ढकलत नाही. तो आडवा लागतो.

याचे कारण असे की तिरपी पट्टी येणाऱ्या पाण्याला एका बाजूला वळवते. पट्टीने पाण्याला डावीकडे ढकलले की पाणी पट्टीला उजवीकडे ढकलते. शाळेत शिकलेला न्यूटनचा तिसरा नियम इथे हाताला जाणवतो. पाण्याकडे तोंड केलेल्या बाजूवर दाब वाढतो, मागच्या बाजूवर तो घटतो. पात्याच्या दोन्ही बाजू मिळून काम करतात, म्हणूनच फिनच्या दोन्ही बाजूंना आकार द्यावा लागतो. विमानाच्या पंखावर जो जोर वर उचलतो, तोच इथे आडवा लागतो. इंजिनिअरिंगच्या भाषेत त्याला ‘लिफ्ट’ म्हणतात, मग त्याची दिशा कुठलीही असो.

पट्टी आणखी तिरपी केली, तर काही वेळ जोर वाढत जातो. कोन साधारण पंधरा अंशांच्या पुढे गेला की मात्र पाणी मागच्या बाजूला चिकटून वाहणे सोडते, तिथे भोवरे तयार होतात, आडवा जोर घटतो आणि अडथळा वाढतो. लाटेवर नेमके हे घडले की बोर्डचे शेपूट अचानक सुटते. फिनच्या आकाराची सगळी कारागिरी यासाठी असते की पाणी शक्य तितका वेळ तिला चिकटून वाहावे.

छोट्या पात्यावर मोठा जोर

पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन असते. त्यामुळे पंजाएवढी फिनसुद्धा मोठे काम करते. नऊ फुटी बोर्डला लागणारी एक मधली फिन घेऊ. तिचा पाया १६ सेंटिमीटर, खोली २२ सेंटिमीटर. मागे झुकलेला आकार धरला, तर तिच्या एका बाजूचे क्षेत्रफळ साधारण २३० चौरस सेंटिमीटर भरते. ताशी १८ किलोमीटर वेगाने जाताना आणि मध्यम कोन असताना तिच्यावर अंदाजे १४-१५ किलो वजनाइतका आडवा जोर येतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अर्ध्या इंचापेक्षाही पातळ लाकडावर पन्नास-साठ किलोंचा भार, तोही एका बाजूने: हे गणित मनात ठेवले की पुढची सुतारकामाची प्रत्येक पायरी का आहे, ते कळते.

एका टाकाऊ पट्टीपासून सुरुवात

हवाई बेटांवर माणसे शतकानुशतके लाकडी फळ्यांवर उभी राहून लाटांवर स्वार होत होती. ‘अलाया’ नावाच्या त्यांच्या पातळ फळ्यांना फिन नसे. वळण्यासाठी पाण्यात पाय ओढायचा किंवा फळीची कड पाण्यात रुतवायची, असे ते कसब होते. १९३५ साली टॉम ब्लेक या अमेरिकी जलतरणपटूने टाकून दिलेल्या एका स्पीडबोटीच्या तळाची धातूची पट्टी काढून आपल्या बोर्डला लावली. ती फूटभर लांब आणि चारेक इंच खोल होती. वायकिकीच्या लाटेवर त्याचा बोर्ड पहिल्यांदाच न घसरता सरळ गेला. पुढे लाकडी बोर्डांना लाकडाच्याच फिना बसू लागल्या.

सुरुवातीच्या फिना रुंद आणि बोजड असत. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या जॉर्ज ग्रीनो यांनी टुना माशाच्या परांचा अभ्यास करून अरुंद पायाची, मागे झुकलेली आणि टोकाला लवचीक फिन घडवली. ऑस्ट्रेलियाच्या मार्क रिचर्ड्‌स यांनी दोन फिनांच्या बोर्डवर १९७९ ते १९८२ अशी सलग चार जागतिक विजेतेपदे मिळवली. त्यांच्याच देशातल्या सायमन अँडरसन यांनी १९८० साली तीन फिनांचा ‘थ्रस्टर’ बोर्ड बनवला आणि १९८१ मध्ये बेल्स बीचच्या प्रचंड लाटांत स्पर्धा जिंकून त्याची पारख करून दिली. आज जगातले बहुसंख्य छोटे बोर्ड तीन फिनांचे असतात.

तीन फिनांतली मधली दोन्ही बाजूंनी सारखी फुगीर असते. कडेच्या दोन फिना मात्र बाहेरून फुगीर आणि आतून सपाट असतात. त्यांची पुढची टोके किंचित आत, बोर्डच्या नाकाकडे वळवलेली असतात आणि पाती चार-आठ अंशांनी बाहेर कललेली असतात. त्यामुळे बोर्ड कलताच कडेची फिन चटकन पाणी पकडते. पहिल्यांदा बनवणाऱ्याने मात्र एका मधल्या फिनपासूनच सुरुवात करावी. तिच्यात चुकायला जागा कमी आणि शिकायला भरपूर असते.

लाकूड कुठल्या दिशेने मजबूत?

कुऱ्हाडीचा दांडा करताना सुतार लाकडाचे तंतू दांड्याच्या लांबीतच ठेवतो. तंतू आडवे गेलेला दांडा पहिल्या-दुसऱ्या घावातच मोडतो, हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही. झाड उभे वाढते, पाणी मुळापासून शेंड्यापर्यंत नेणाऱ्या त्याच्या नळ्याही उभ्या असतात. त्या नळ्या लांबीच्या दिशेने ओढ सहन करतात. एकमेकींपासून मात्र त्या सहज सुटतात. बहुतेक लाकडांत तंतूंच्या दिशेने जेवढी ओढ सोसते, तिच्या विसाव्या भागाइतकीच आडव्या दिशेने सोसते. ढलपी नेहमी तंतूंच्या रेषेतच फाटते ती यामुळेच.

फिन पायाशी घट्ट बसवलेली असते आणि पाण्याचा जोर तिच्या पात्यावर आडवा पडतो. म्हणजे ती पायाशी वाकू पाहते आणि सगळ्यात जास्त ताण पायापाशीच येतो. एका बाजूचे तंतू ताणले जातात, दुसऱ्या बाजूचे दाबले जातात. म्हणून तंतूंनी पायापासून टोकाकडे धावायला हवे. ते पायाला समांतर राहिले, तर फिन पायाच्या रेषेतच फाटून अलग होईल. चौदा-पंधरा किलोंच्या भारालाही अशी फिन धोक्यात येते. तंतू योग्य दिशेला असतील, तर तेच लाकूड त्याच्या कित्येक पट भार पेलते.

इथे एक अडचण आहे. फिन मागे झुकलेली असते आणि तंतू तर सरळ जातात. पायाशी जुळवलेले तंतू टोकाजवळ कडेतून बाहेर पडतात आणि तिथे आखूड तंतूंचा ठिसूळ भाग तयार होतो. एका अखंड फळीतून कापलेल्या फिनचे टोक म्हणूनच लवकर उडते. उपाय दोन: तंतूंची दिशा फिनच्या झुकावाच्या मधोमध राहील अशी तिरपी कापणी करायची, किंवा पातळ थर एकावर एक चिकटवून फिन बनवायची. दुसरा उपाय अधिक चांगला आहे.

साग, शिवण की प्लायवूड?

पाण्यातल्या कामासाठी सागाची साक्ष मोठी आहे. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी सागवानातून बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे आजही पाण्यावर आहे. त्या जहाजाचा साग मलबारचा होता. विदर्भाचा सागही नावाजलेला. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरहून सागवान गेले. यवतमाळची कोरडी पानझडी जंगले याच सागाची आहेत.

सागात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे तो पाणी कमी पितो आणि ओला-सुका होताना फार कमी हलतो. पण त्याच तेलामुळे त्यावर डिंक नीट धरत नाही. चिकटवण्याआधी घासून, ॲसिटोनच्या फडक्याने पुसून, ताज्या पृष्ठभागावर लगेच चिकटवले तर जोड टिकतो. सागात बारीक वाळूसारखी सिलिकाही असते, म्हणून रंध्याचे पाते लवकर बोथट होते. ते पुन्हा पुन्हा धार लावूनच वापरावे लागते.

यासाठी नवे झाड लागत नाही. एका फिनसाठी लागणारे लाकूड ओंजळीत मावेल इतके असते. जुन्या घराच्या चौकटीचा किंवा मोडक्या पलंगाचा तुकडा सर्वांत उत्तम, कारण तो कित्येक वर्षे सुकलेला असतो. नवे लाकूड घ्यायचे तर परवाना असलेल्या टालावरूनच घ्यावे. सागाच्या जोडीला शिवण घेतले तर आणखी छान. शिवणीचे लाकूड फिकट, हलके आणि न वाकणारे असते. दोन्ही मिळून फिन हलकी होते, आणि त्यांच्या रंगांतला फरक पुढे फार कामाला येतो.

हे काहीच जमले नाही, तर १२ मिलिमीटरचे मरीन प्लायवूड घ्यावे. त्यावर भारतीय मानक आयएस ७१० चा शिक्का पाहावा. या दर्जाच्या प्लायवूडचा डिंक ७२ तास उकळत्या पाण्यात टिकतो का, याची चाचणी घेतलेली असते. फर्निचरच्या साध्या प्लायचे थर पाण्यात सुटू शकतात. प्लायवूडमध्ये एकाआड एक थर आडवा असतो, म्हणून बाहेरच्या थरांचे तंतू पायापासून टोकाकडे जातील अशीच फिन आखावी. वाकताना सर्वांत जास्त ताण बाहेरच्या थरांवर येतो आणि मधल्यावर जवळजवळ काहीच नाही, त्यामुळे बाहेरच्या थरांची दिशा चुकली की निम्मी ताकद गेली.

चिकटवणे आणि ऋतू

पावसाळ्यात दार चौकटीत अडकते आणि उन्हाळ्यात सैल होते, ते लाकूड हवेतली ओल घेते आणि सोडते म्हणून. हे फुगणे तंतूंच्या आडव्या दिशेने होते, लांबीत जवळजवळ होतच नाही. ओलसर लाकूड चिकटवून वरून बंद केले, तर आतली ओल पुढे थर सोडवते. म्हणून लाकूड आधी नीट सुकलेले हवे.

आमच्या भागात या कामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस सोयीचे. हवा कोरडी असते आणि ऊन माफक. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकतो, तेव्हा इपॉक्सी हा दोन भाग मिसळून करायचा डिंक हातातच घट्ट होऊ लागतो. पावसाळ्यात त्यावर तेलकट पापुद्रा धरतो आणि पुढचा थर नीट बसत नाही. इपॉक्सी नेहमी थोडा-थोडा, डब्यावरच्या प्रमाणात मोजून आणि पसरट भांड्यात मिसळावा. खोल डब्यात त्याची उष्णता साठते आणि तो आणखी लवकर आळतो. हातमोजे घालावेत, खोली मोकळी हवेशीर असावी.

तीन मिलिमीटरचे चार थर घ्यावेत: साग, शिवण, शिवण, साग. बाहेरच्या सागाचे तंतू पायापासून टोकाच्या दिशेने, आतल्या दोन थरांचे त्यापेक्षा पंधरा-वीस अंश इकडे आणि तिकडे. त्यामुळे टोकाकडच्या आखूड तंतूंना शेजारच्या थराचा आधार मिळतो. थरांमध्ये इपॉक्सी सारखा पसरून दोन सपाट फळ्यांमध्ये शिकंज्याने दाबावे. इतके करकचून आवळू नये की सगळा डिंक बाहेर येईल. कडेला बारीक ओळ दिसली की पुरे. एक रात्र तसेच ठेवावे.

थरांच्या रेषा वाचणे

आता खरे काम. पुठ्ठ्याच्या साच्यावरून फिन करवतीने कापली की हातात १२ मिलिमीटर जाडीचा सपाट तुकडा येतो. त्याला पाण्याचा आकार द्यायचा. पुढची कड गोलसर, जाडी हळूहळू वाढत पुढून एक-तृतीयांश अंतरावर सर्वांत जास्त, आणि तिथून मागच्या कडेपर्यंत लांब, सपाटसर उतार. मागची कड दीड-दोन मिलिमीटर उरावी. टोकाकडे जाताना सगळीच जाडी कमी होत जावी.

पुढची कड गोल का? पाणी नेहमी नेमके समोरून येत नाही. ते कधी डावीकडून येते, कधी उजवीकडून. सुरीसारख्या धारदार कडेवरून तिरपे आलेले पाणी लगेच सुटते, गोल कडेवरून ते वळून चिकटून वाहते. मागची कड पातळ का? दोन्ही बाजूंचे पाणी तिथे पुन्हा एकत्र येते. कड जाड राहिली तर मागे भोवरे सुटतात, वेग कमी होतो आणि कधी कधी फिन लाटेवर चक्क गुणगुणते. तो आवाज ऐकला की कारागिराला कळते, मागच्या कडेला अजून काम बाकी आहे. टोक अरुंद ठेवायचे, कारण दाबाचे पाणी टोकावरून वळून दुसऱ्या बाजूला निसटते आणि तिथे ताकद वाया जाते.

आधी कडेच्या जाडीवर मधोमध पेन्सिलीने रेषा मारावी. ही रेषा शेवटपर्यंत पुसू द्यायची नाही. मग रंध्याने मागचा उतार, नंतर कानशीने पुढची गोलाई, शेवटी लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेला पॉलिश पेपर: ८० नंबर, १२०, मग २२०. नाकावर मास्क असावा. सागाची बारीक धूळ फुप्फुसाला त्रास देते.

दोन्ही बाजू सारख्या झाल्या का, हे डोळ्याला आणि बोटाला सहज कळत नाही. इथे थरांचा उपयोग होतो. घासत गेले की वरचा साग झिजतो आणि खालची फिकट शिवण डोकावते. दोघांच्या सीमेवर एक वळणदार रेषा उमटते. अजून खाली दोन शिवणींमधल्या डिंकाची रेषा येते. भूगोलाच्या पुस्तकातल्या नकाशावर डोंगराच्या समोच्च रेषा असतात, तसेच हे. एका रेषेवरची सगळी ठिकाणे एकाच उंचीवर असतात. रेषा जवळ आल्या की चढ तीव्र, दूर गेल्या की सौम्य. फिनच्या दोन्ही बाजूंवरच्या रेषा एकमेकींशी जुळल्या तर दोन्ही बाजूंचा आकार जुळला. कुठे रेषा बाहेर फुगली तर तिथे लाकूड जास्त राहिले आहे, आत वळली तर जास्त निघाले आहे. मोजपट्टीने न सापडणारा अर्ध्या मिलिमीटरचा फरक ही रेषा दाखवून देते. प्लायवूडच्या फिनवर या रेषा आपोआप मिळतात, म्हणून नवशिक्यासाठी प्लायवूड हा उत्तम गुरू आहे.

काचेचे कापड कशासाठी?

आकार पुरा झाला की फिनच्या दोन्ही बाजूंना फायबरग्लासचे, म्हणजे काचेच्या धाग्यांचे विणलेले पातळ कापड इपॉक्सीत भिजवून चढवायचे. वाकणाऱ्या वस्तूत सर्वांत जास्त ताण पृष्ठभागावर येतो, हे आपण पाहिलेच. काचेचा धागा ओढ सोसण्यात लाकडापेक्षा कितीतरी पुढे असतो. म्हणून सर्वांत मजबूत वस्तू सर्वांत बाहेर हवी. आतले लाकूड मग दोन्ही कातड्यांना एकमेकांपासून योग्य अंतरावर धरून ठेवते आणि फिन हलकी राखते. शिवाय पाणी आत शिरत नाही, आणि भिजलेले कापड पारदर्शक होऊन सागाच्या रेषा झळाळून उठतात.

कापड पातळ कडेवरून वळत नाही, तिथे हवेचे फुगे राहतात. म्हणून पुढच्या कडेने आणि टोकाभोवती काचेच्या धाग्यांची इपॉक्सीत भिजवलेली दोरी बसवावी. दगडावर किंवा वाळूवर आपटल्यावर लाकडाऐवजी ही कड मार खाते. सगळे घट्ट झाल्यावर पुन्हा घासून, उन्हाने इपॉक्सी पिवळा पडू नये म्हणून वरून ऊन रोखणाऱ्या व्हार्निशचा हात द्यावा.

बोर्डला बसवताना

घरी केलेला बोर्ड बहुधा थर्मोकोलच्या गाभ्याचा असतो. थर्मोकोलवर पॉलिस्टर रेझिन कधीच लावू नये, त्याने थर्मोकोल विरघळतो, इपॉक्सीच वापरावा. फिन बोर्डच्या मधल्या रेषेवर, मागच्या टोकापासून वीतभर पुढे, तंतोतंत सरळ आणि तळाला काटकोनात उभी करावी. गुण्या लावून दोन्ही बाजूंनी तपासावे. एखाद-दोन अंशांचा कलही बोर्डला कायम एका बाजूला खेचतो.

पायाशी फिन आणि तळ यांच्या कोनात इपॉक्सी व काचधाग्यांचा घट्ट लगदा भरून गोलाई करावी. काटकोनी कोपऱ्यात ताण एका रेषेवर गोळा होतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. गोलाईने तो पसरतो. पाणीही कोपऱ्यात घोटाळत नाही. त्यावर काचेच्या कापडाचे तीन-चार थर, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा मोठा, फिनवरून तळावर उतरतील असे द्यावेत. ज्याला फिन काढघाल करायची असेल त्याने बोर्डमध्ये फिनची पेटी बसवावी. धरणात वापरणाऱ्यासाठी ते सोयीचे, कारण जलाशयात बुडालेली बाभळीची खुंटे असतात आणि मोडलेली फिन बदलता येते. जलाशयात पाणवेलीही अडकतात. फिन जितकी मागे झुकलेली, तितक्या त्या सहज निसटून जातात.

> थोडक्यात
>
> • फिन मागे असते म्हणून बोर्ड सरळ जातो. नाक वळले की पाणी फिनवर तिरपे येते आणि शेपूट जागेवर आणते.
>
> • फिन पाण्याला एका बाजूला वळवते, पाणी तिला दुसऱ्या बाजूला ढकलते. वेग दुप्पट, तर जोर चौपट.
>
> • पुढची कड गोल, एक-तृतीयांशावर सर्वाधिक जाडी, मागची कड दीड-दोन मिलिमीटर.
>
> • तंतू पायापासून टोकाकडे. प्लायवूड असेल तर बाहेरच्या थरांचे तंतू याच दिशेने, शिक्का आयएस ७१०.
>
> • थरांच्या रेषा दोन्ही बाजूंना सारख्या दिसल्या की आकार सारखा.
>
> • सर्वाधिक ताण पायाशी आणि पृष्ठभागावर. तिथे काचेचे कापड आणि गोलाई.
>
> • जलाशयात उतरण्याआधी परवानगी घ्यावी, लाइफ जॅकेट घालावे, एकटे जाऊ नये.

वर्गात आणावे असे काम

लाटा पाहायच्याच असतील तर गोव्यातल्या हरमल, आश्वे किंवा कर्नाटकातल्या मुल्की इथे सर्फिंग शिकवणारी मंडळी आहेत. पण फिन बनवण्यासाठी तिथे जाण्याची गरज नाही. प्लायवूडचा उरलेला तुकडा, रंधा, कानस आणि पॉलिश पेपर एवढ्यावर ती सुरू होते. ती बादलीत किंवा पाटात धरून तपासताही येते.

दिग्रस, पुसद, दारव्हा या गावांतल्या शाळांनी आणि आयटीआयच्या सुतारकाम शिकवणाऱ्या शिक्षकांनी हे काम मुलांना द्यावे, असे मी आग्रहाने म्हणेन. विज्ञानाच्या तासाला दाब आणि बल शिकवले जाते, कार्यशाळेत रंधा आणि पटाशी. दोन्ही वर्ग बहुधा एकमेकांना भेटत नाहीत. फिनमध्ये ते भेटतात: आकार चुकला तर पाणी सांगते, तंतू चुकले तर लाकूड सांगते, आणि दोन्ही उत्तरे मुलांच्या स्वतःच्या हाताला कळतात. एका वर्गाने तीन फिना कराव्यात: एक नुसती सपाट, एक आकार दिलेली, आणि एक आकार दिलेली पण मागची कड जाड ठेवलेली. तिन्ही एकाच पाटात, एकाच कोनात धरून साध्या स्प्रिंगच्या वजनकाट्याने ओढ मोजावी आणि वहीत तक्ता करावा. सूत्र पाठ केलेल्या मुलापेक्षा हा तक्ता केलेल्या मुलाला पंखा, पवनचक्की, पंपाचे पाते आणि विमानाचा पंख समजायला फार सोपे जाईल.